सायलीस, तारकर्लीला निघण्यापूर्वी

ऐरोली,
12 नोव्हेंबर

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्हा मैत्रिणींचा तारकर्लीचा बेत ठरला आणि त्यात स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं आहे, हे परवा आईकडून कळलं. आईला वाटलं होतं मी नको म्हणेन. मी नको म्हणणार नाही. तू जावंस आणि पहिल्याच खेपेला ते डोळे भरून बघून यावंस, असं मला मनापासून वाटतं. गेल्या हिवाळ्यात आई आणि मी मालवणला गेलो होतो तेव्हा मी पाण्याखाली जाऊन आलो, हे तुला ठाऊक आहेच. त्यात माझं निम्मं आयुष्य रबाळ्याच्या कारखान्यांतून कॉम्प्रेसर आणि सिलिंडरांच्या देखभालीत गेलेलं. त्यामुळे या विषयावर मला बरंच सांगायचं आहे, आणि फोनवर तू कायम दोन मीटिंगच्या मध्ये सापडतेस. म्हणून लिहितो आहे. प्रवासात सावकाश वाच आणि बरोबरच्या मुलींनाही वाचायला दे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही आणि घाई करायची नाही. स्वतःही करायची नाही आणि दुसऱ्या कुणाला तुझ्यावर लादूही द्यायची नाही. बाकी सगळं पत्र याच्याच भोवती आहे.

आधी श्वासाचं. पाचवी-सहावीत उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला ठाण्याच्या तरण तलावात घातलं होतं, सकाळची बॅच असायची. तुम्ही पोरं पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याच्या पैजा लावायचात आणि तू बहुतेक वेळा जिंकायचीस. पोहायला शिकलेल्या माणसाच्या अंगात हे मुरलेलं असतं: तोंड पाण्यात गेलं की श्वास बंद. स्कुबात नेमकी हीच सवय मोडायची असते. ज्याला पोहता येत नाही त्याच्यापेक्षा तुझ्यासारखीला हे जास्त लक्षात ठेवावं लागेल.

कारण बॉइलचा नियम. नववीत तू तो पाठ केला होतास. आता त्याचा खरा उपयोग आहे. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा दाब एक वातावरण, म्हणजे साधारण 1 बार असतो. समुद्रात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी तेवढीच भर पडते. म्हणजे 10 मीटरवर 2 बार, 20 मीटरवर 3. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, आणि वर येताना तीच हवा पुन्हा फुगते. तू 10 मीटरवर सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतलास, समज 5 लिटर, आणि तो कोंडून वर आलीस, तर पृष्ठभागापाशी त्या हवेला 10 लिटर जागा हवी असते. फुप्फुसात तेवढी जागा नाही. फुप्फुसाला इजा व्हायला फार खोलही जावं लागत नाही. भरल्या छातीने श्वास कोंडून दीड मीटरवरून वर आलं तरी ती होऊ शकते. म्हणून जगातल्या कुठल्याही स्कुबा शिक्षणातला पहिला नियम एकच आहे: श्वास चालू ठेवा. घ्या, सोडा, घ्या, सोडा. काही कारणाने तोंडातलं माऊथपीस निघालंच, तर ते परत लागेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे छाती कधी बंद होत नाही.

पहिला श्वास मात्र जड जातो, हे आताच सांगून ठेवतो. कमरेभर पाण्यात उभं राहून तोंड बुडवलं की बुद्धी म्हणते घे श्वास, आणि शरीर म्हणतं नको. माझं तसंच झालं. छाती उघडेचना. मग गाईडने माझ्या डोळ्यांत बघून नुसता हात वर-खाली करून लय दाखवली, आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला शरीराने ऐकलं. भराभर उथळ श्वास घेतले तर अंगात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा असूनही गुदमरल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय एकच, श्वास लांब आणि सावकाश सोडायचा. पूर्ण सोडलास की पुढचा आपोआप नीट येतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. पाठीवर जे लावतात त्याला सगळे ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. त्यात ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा असते, 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, फक्त गाळून, कोरडी करून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन जास्त दाबाखाली शरीराला विषारी ठरतो, म्हणून तो या कामाला चालत नाही. सर्रास वापरात असलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर आतून 11 लिटरचा असतो आणि त्यात 200 बारने हवा भरतात. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज कर. म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा तुझ्या पाठीवर असते.

ही 200 बारची हवा थेट तोंडात कशी घेणार? तिथे रेग्युलेटर येतो आणि तो बघून मला फार आनंद झाला. सिलिंडरच्या तोंडाशी पहिला टप्पा बसतो, तो दाब 9-10 बारपर्यंत उतरवतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, तुझ्या ओठांशी, दुसरा टप्पा. त्यात एक पातळ पडदा असतो. तू श्वास ओढलास की पडदा आत येतो, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल बरोब्बर तेवढ्या दाबाची हवा मिळते. सोडलास की झडप बंद. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी हे यंत्र बनवलं. कुस्तो नौदलातला, गान्याँ मात्र इंजिनीअर, औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीतला. युद्धात पेट्रोलची टंचाई झाली म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी त्याने एक झडप तयार केली होती, आणि तीच पुढे सुधारून पाण्याखाली नेली. माणूस आज पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेतो तो एका कारखान्यातल्या माणसाच्या झडपेमुळे, याचं मला अतिशय कौतुक आहे.

तर या कारखान्यातल्या बापाच्या सांगण्यावरून बोटीवर दोन-तीन गोष्टी बघ. सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, अक्षरं ठोकलेली असतात. त्यात कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडरात पाणी भरून दाबाने केलेल्या चाचणीची, तारीख असते. आपल्याकडे उच्च दाबाच्या सिलिंडरांना नागपूरच्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. बाहेरच्या अनेक देशांत स्कुबाचे सिलिंडर वर्षातून एकदा आतून तपासतात आणि पाच वर्षांनी त्यांची हायड्रो टेस्ट करतात. तू तारीख विचार. विचारल्यावर जो शांतपणे दाखवतो, त्याच्याकडची बाकी व्यवस्थाही बहुधा चोख असते.

दुसरी गोष्ट वास. पाण्यात शिरण्याआधी, बोटीवरच रेग्युलेटर तोंडात धरून चार-पाच श्वास घे. हवेला कसलाही वास, कसलीही चव असता कामा नये. तेलकट, जळकट किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर नको म्हणायचं, कितीही रांग असो. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा असतो. त्याला तेलाची वाफ आणि ओल पकडणारे फिल्टर लागतात, ते वेळेवर बदलावे लागतात, आणि हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवावं लागतं. त्यात ढिलाई झाली तर कार्बन मोनॉक्साइड हवेबरोबर आत जातो. तो स्वतः बिनवासाचा असतो, पण धूर किंवा तेल आलं की तोही आला असेल असं समजावं. आणि श्वास घेताना दाबाच्या काट्याकडे बघ. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर हलत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही. काटा स्थिर हवा.

घसा कोरडा पडेल. हवा मुद्दाम कोरडी केलेली असते, म्हणून तसं होतं. आधी आणि नंतर पाणी पी.

आता कान, कारण पहिल्या खेपेला बऱ्याच लोकांचा प्रश्न इथेच अडतो. खाली जाताना कानाच्या पडद्यामागची हवा दाबाने आकसते, पडदा आत ओढला जातो आणि दुखतं. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून, नाकातून हलकेच फुंकायचं. मग घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. ही रीत अंतोनियो वाल्साल्व्हा या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरचा ग्रंथ 1704 चा आहे. महत्त्वाचं हे, की दुखायच्या आधी फुंकायचं. अगदी पाणी डोक्यावरून गेलं की लगेच सुरू, आणि मग दर हातभर खोलीला. सगळ्यात मोठा फरक वरच्या काही मीटरांतच पडतो, खाली गेल्यावर तितका नाही. म्हणून तिथे सावकाश उतरायचं, पाय खाली ठेवून, दोरी धरून. जोर लावून फुंकायचं नाही.

आईचं काय झालं ते तुला पूर्ण सांगितलेलं नाही. आमच्या बोटीच्या नांगराच्या दोरीवर शेवाळ धरलेलं होतं आणि मध्येमध्ये बारीक धारदार शिंपले चिकटलेले होते. ती दोरी धरून आम्ही एकेकाच्या गाईडबरोबर उतरत होतो. वर असतानाच तिच्या गाईडने सांगून ठेवलं होतं, “ताई, कान दुखलो तर लगेच सांगा, वर जावया.” दीडेक मीटरवर आईने थांबून कानाकडे बोट केलं. तो तिला थोडं वर घेऊन गेला, तिने पुन्हा नाक धरून फुंकलं, दोघं पुन्हा खाली. डावा कान उघडेना. मी दोन हात खाली होतो, मास्कमधून मला तिचे डोळे स्पष्ट दिसत होते. घाबरलेली नव्हती, विचार करत होती. मग तिने सपाट हात आडवा धरून हलवला आणि अंगठा वर केला. गाईड लगेच तिला घेऊन वर गेला. बोटीवर कुणी एक शब्द बोललं नाही, पैशांचं काढलं नाही. ती मास्क आणि नळी लावून वरूनच पोहत राहिली आणि मी खाली असताना माझ्या डोक्यावर तिची सावली दिसत होती. आईने त्या दिवशी जे केलं ते मला खाली दिसलेल्या सगळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. पैसे भरलेले, नवरा खाली, इतकी तयारी केलेली, आणि कान नाही म्हणाला तर ती वर आली. तुझ्यावर ही वेळ आली तर तूही वर ये. कारण द्यावं लागत नाही. कान, छाती, भीती, नुसतं नकोसं वाटणं, काहीही पुरेसं आहे.

म्हणून खुणा पाठ करून जा. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, ‘छान’ नव्हे. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल वळं करून दाखवायचं. सपाट हात डुगडुगवला की ‘काहीतरी गडबड आहे’, आणि मग जिथे गडबड असेल तिकडे बोट. अंगठ्याचा गोंधळ पहिल्यांदा सगळ्यांचा होतो. बोटीवरच एकमेकींना दाखवून घ्या.

आता घाईबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. मालवणात सुट्ट्यांच्या दिवसांत गर्दी प्रचंड असते. एका बोटीवर खूप माणसं, तीन मिनिटांत सूचना, सगळ्या यंत्रांचा ताबा गाईडकडे, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्या, खाली व्हिडिओ काढला की पंधरा-वीस मिनिटांत वर, पुढचा. आमच्या शेजारच्या एका बोटीवर मी हे बघितलं. एक मुलगा पाण्यात धरून ठेवलेला, मान हलवून नको नको म्हणत होता, आणि वरून त्याचेच मित्र ‘अरे जा रे’ ओरडत होते. हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या गटातली एखादी मुलगी ऐनवेळी नको म्हणाली, तर तिला कुणी चढवायचं नाही. ही जबाबदारी मी तुझ्यावर टाकतो.

त्या गाईडमंडळींबद्दल मात्र माझ्या मनात आदरच आहे. त्यांतले कितीतरी तिथल्या मच्छीमारांच्या घरातले आहेत. कुठल्या खडकात काय राहतं, कुठल्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. माझ्या गाईडने खडकाच्या फटीत बोट दाखवलं तेव्हा मला आधी काहीच दिसलं नाही. मग फटीतला एक तुकडा हलला आणि त्याला डोळा होता. वर आल्यावर म्हणाला, हेकरू. बाजारात बर्फावर पडलेला हेकरू मासा मी किती वेळा बघितला असेल. घरात बसलेला पहिल्यांदाच बघितला.

तर निवडताना स्वस्त-महाग बघू नकोस. आधी तलावात किंवा उथळ पाण्यात सराव करून घेतात का, ते विचार. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे, तिथे शिकवण्यासाठी खोल तलाव बांधला आहे. आधी तिथे चौकशी कर. मास्कमध्ये पाणी आलं तर कडा वरून दाबून नाकाने फुंकून बाहेर काढणं, आणि माऊथपीस काढून परत लावणं, या दोन गोष्टी समुद्रात जाण्याआधी तुझ्या हातून झाल्या पाहिजेत. एका इन्स्ट्रक्टरबरोबर एकच, फार तर दोघी. बोटीवर तातडीच्या उपचारासाठी ऑक्सिजनचा संच आहे का (हा मात्र खरा ऑक्सिजन), तेही विचार. तब्येतीचा फॉर्म देतील तो खरा भर. लहानपणी तुला दम्याची औषधं चालू होती, हे लिहायचं आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. यावर मी तडजोड ऐकणार नाही. सर्दी असेल तर बुडी रद्द. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरू नकोस. गोळीचा अंमल खाली असताना उतरला तर वर येताना हवा कानात अडकते.

पाडी या स्कुबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे अशा पहिल्या अनुभवाला 12 मीटरची मर्यादा आहे आणि वय किमान 10 लागतं. मालवणात बहुतेकदा त्याहून उथळच नेतात आणि पहिल्या वेळेला ते पुरेसं आहे. मी सहा-सात मीटरच्या खाली गेलो नाही. आवडलं तर पुढे रीतसर ओपन वॉटरचा कोर्स कर, त्यात 18 मीटरपर्यंत जाता येतं. 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं ही त्याची अट तू झोपेतही पार करशील. त्याचा खर्च मी देईन.

तारीख अजून हातात असेल तर तिथी बघून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी असतं, ओढ जास्त आणि गाळ उठलेला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी शांत आणि बरंचसं निवळ. आपल्या दिवाकोळीवाड्यातले लोकही हेच सांगतील, जरी आपल्या खाडीत हात बुडवला तर बोटंही दिसत नाहीत. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळत जातं.

आणि खाली काय दिसतं? तुझं तू बघशील, पण दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष दे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. माझ्या मनगटावर देवीचा लाल दोरा होता. बोटीत लालभडक, आणि खाली बघतो तर काळपट तपकिरी. वर येताना मी त्याच्याकडेच बघत होतो. शेवटच्या दोन मीटरांत तो परत लाल झाला. मास्कच्या काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे हात लांब केला की मासा अजून पुढेच असतो. दुसरं म्हणजे आवाज. मला वाटलं होतं खाली शांतता असेल. तशी नसते. सतत चटचट आवाज येत राहतो, आणि तो बारीक कोळंबीसारखे जीव नांगी आपटून करतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो, सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणून तो कुठल्या बाजूने येतो हे कानाला कळत नाही. बोटीचं इंजिन सगळीकडून ऐकू येतं. त्यामुळे एकटीने कधीही वर यायचं नाही. गाईडबरोबरच, वर बघत, आणि आपल्याच लहानात लहान बुडबुड्यांहून सावकाश.

पोवळ्यांना हात लावू नकोस, त्यांच्यावर उभी राहू नकोस. दगड वाटतात, पण ते जिवंत असतात आणि वर्षाला अगदी थोडे वाढतात. तुझ्या एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी धरून. महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर त्या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, ते त्याच खडकांच्या भरवशावर. कुणी मासे गोळा करायला पाव किंवा बिस्किटं टाकू लागलं, तर आम्हाला नको म्हणून सांग. मासे नाही आले तरी चालतील. आणि फटीत हात घालायचा नाही, तिथे काटेरी समुद्री साळिंदर बसलेले असतात.

परतीचं मी आईबरोबर बसून बघितलं. दाबाखाली श्वास घेतला की रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो आणि तो हळूहळू निघतो. तेवढ्यात उंचावर गेलं, म्हणजे दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर किमान 12 तास आणि लागोपाठ अनेक बुड्या मारल्या तर किमान 18 तास विमानात बसू नये, असं डायव्हिंगचे डॉक्टर सांगतात. चिपीहून विमानाने यायचा विचार असेल तर हे धर. तुम्ही पुण्याला गाडीने, आंबोली चढून जाणार म्हणालात, तर आंबोली 690 मीटरवर आहे, तिलाही हे लागू धर. उथळ बुडीला धोका थोडा असतो, पण एक रात्र थांबायला काय जातं? पहिल्या दिवशी सकाळी बुडी, दुसऱ्या दिवशी मालवणात फिरा, जेवा, आणि तिसऱ्या दिवशी निघा. आदल्या रात्री दारू नको, कुणालाच नको. सकाळी हलकं खा. रिकाम्या पोटीही बोट लागते.

ज्यांच्याकडे बुकिंग कराल त्यांचं नाव आणि वेळ मला कळव. मी फोन करून सिलिंडरच्या तारखा विचारणार आहे. तुला अवघडल्यासारखं वाटलं तरी विचारणार आहे. तलावातल्या सरावाचे जे जास्तीचे पैसे पडतील ते मी आजच पाठवतो, तुझे आणि ज्या मुलीला जड जातील तिचेही.

बाकी इकडे सगळं ठीक.

तुझा
बाबा

ता.क. चष्म्याचं राहिलं. मास्कखाली चष्मा बसत नाही आणि पोहायचा गॉगल चालत नाही. मास्कमध्ये नाक आत लागतं, नाहीतर डोळ्यांवरचा दाब सारखा करता येत नाही. तुझ्याकडच्या मऊ लेन्स चालतील, फक्त मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून घे. जादा जोडी बरोबर ठेव. नंबरचे मास्क काहींकडे असतात, बुकिंग करताना विचार. आणि वर आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत कान भरल्यासारखा राहिला किंवा दुखला तर तिथल्या तिथे डॉक्टरला दाखव, इथे येईपर्यंत थांबू नकोस.